चार बोटं खेळ

ओणीच्या तिठ्यावर हनीफ होडेकरनं
गाडीकडे न बघताच विचारलं,
"किती बोटं?"
मी म्हटलं, चार.
चार बोटं स्टेअरिंग नुसतंच फिरतं,
तेव्हा कुठे पुढच्या चाकांना कळतं
की याला वळायचंय.

गाडी शहाऐंशीची. जन्म चिऱ्याच्या खाणीवर गेलेला.
अंगभर तांबडी धूळ,
आणि धूळ नाही तिथे जैतापूरच्या खाडीचं मीठ.

मीच शहाणपणानं सांगितलं,
बॉक्सचा स्क्रू आवळ अर्धा आटा.
लांज्याच्या पोरानं गेल्या साली तेच केलं,
महिनाभर बरं वाटलं.
"आवळलं की खेळ लपतो," हनीफ म्हणाला.
"सरळ रस्त्यावर झकास. आणि अणुस्कुऱ्याच्या वळणात
स्टेअरिंग परत यायचं नाव घेत नाही.
तिथे कोणाला हाक मारशील?"

मग गोणपाट अंथरून तो आत शिरला.
बाहेर फक्त टाचा, भेगांत काळं तेल.
"तू हालव. मी बघतंय."

मी केबिनमध्ये. डावीकडे जरासं, उजवीकडे जरासं,
चाळणीत तांदूळ हालवावे तसं.
खालून एकेका सांध्यावर हात ठेवून
त्याचा आवाज यायचा:
ड्रॉप आर्म, हा बरोबर येतोय.
ड्रॅग लिंक, हं, एक बोट इथे गेलं.
टायरॉडचा डावा एंड, रबर फाटलंय,
आत खाडीची रेती दळतेयस तू.
किंगपिन...
मग बराच वेळ काहीच नाही.
मी हालवत राहिलो.
बोनेटवर फणसाचं एक पान पडलं.

"किंगपिनला ग्रीस कधी दिलंस?"
मी गणपती मोजायला लागलो.
तिसऱ्या गणपतीला गप्प बसलो.

त्याचा आजा मुसाकाझीला मचव्यांना सुकाणूं बसवायचा.
म्हणायचा म्हणे, सुकाणू एकदम मोडत नाही.
आधी बिजागरी झिजते,
आणि तांडेलाला वाटतं, वारा बदलला.

पिन निघता निघेना.
रॉकेल पाजलं, टॉर्च लावली,
पितळी ठोकणी मी धरली, घण त्याचा.
साडेअकरापर्यंत ती जागची हालली नाही.
दुपारची अजान झाली, भाकरी-सुकट झाली,
आणि मग तिसऱ्याच घावाला
गपकन खाली आली, काही भांडण नसल्यासारखी.
एका अंगानं खाल्लेली, नखाला खाच लागत होती.
ती माझ्या हातावर ठेवून म्हणाला,
"हे बघ. ही तुझी तीन वर्षं."

बुश राजापूरहून रिमर मारून आले दुसऱ्या दिवशी.
स्प्लिट पिनी मी जुन्याच सरळ करत होतो,
त्यानं उचलून गटारात टाकल्या.
सुतळी ताणून दोन्ही चाकांचं तोंड मोजलं,
एकदा नाही, तीनदा.
आणि ग्रीसगन माझ्याच हातात दिली:
"दाब. काळं येईल. मग तांबडं येईल.
घातलंस तसंच पिवळं बाहेर आलं की थांब.
पंधरवड्यातून एकदा, पावसात दर आठवड्याला,
आणि खाडीत चाकं बुडवून आलास तर त्याच रात्री,
झोप आली तरी."

संध्याकाळी गाडी काढली.
वाटुळच्या अलीकडे पहिल्याच वळणाला
सवयीनं चार बोटं आधीच फिरवलं,
आणि गाडीनं ऐकलं.
सरळ करवंदीच्या जाळीत.
क्लीनर बारक्या गुरव आईला हाका मारत होता.
ओरखडे सोडून काही झालं नाही,
पण माझे तळवे घामानं निसटत होते.
इतकी वर्षं मी गाडी चालवत नव्हतोच,
तिच्या न ऐकण्याची भरपाई करत होतो.

हनीफला फोन लावला. म्हटलं, गाडी फारच ऐकते.
"गाडीतला खेळ मी काढला," तो म्हणाला.
"हातातला तुझा तू काढ. आठवडा लागेल."

लागले बारा दिवस.
तेराव्या दिवशी त्याचाच फोन.
नमस्कार नाही, काही नाही,
"ग्रीस मारलंस?"

मी खाडीवरून नुकताच आलो होतो.
पानं वाढलेली होती.
"मारतो," म्हटलं, आणि विजेरी शोधायला उठलो.