हद्द कायम

आमच्या भाषेत दाढी करणं म्हणजे काढणं,
आणि ठेवणं म्हणजे न करणं.
पडवीच्या खांबाला आरसा अडकवून
मी दोन्ही एकदम करायला बसलो,
तेव्हा मैथिली दात घासताना थांबली.
"बाबा, करताय की ठेवताय?"
तिच्याही तोंडात फेस, माझ्याही तोंडावर फेस.
उत्तर राहून गेलं.

वस्तरा तुळाजींचा.
देवगडात जेटीकडे उतरताना डाव्या हाताला त्यांचं सलून.
आता अर्धं ब्लेड मोडून बसवतात, गिऱ्हाईक उठलं की फेकतात.
हा जुना, घडीचा, शिंगाच्या मुठीचा,
खणात तुरटीच्या खड्याशेजारी पंचवीस वर्षं बिनकामाचा.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
चामड्याच्या पट्ट्याचे मात्र दीडशे घेतले
आणि एवढंच बोलले,
"वजन वस्तऱ्याचा आसता. तुझो हात नुसतो सोबतीक.
आणि आधी काय ठेवचा ता ठरव."

ठरवणं हा तर माझा धंदा.
भूमी अभिलेखात सतरा वर्षं,
किती गडगे कागदावरून जमिनीवर आणले,
चुलत्या-पुतण्यांत, भावाभावांत,
एका फणसाच्या बुंध्यावरून
तीन पिढ्या न बोलणाऱ्यांत.
गालाला तर दोनच बाजू. मालक एकच.

कानशिलापासून खाली,
कातडी वर ताणून, पातं जवळजवळ आडवं,
एक बोटभर गेलो.
आवाज आला,
रापण ओढताना ओल्या वाळूवर दोर करकरतो
आणि आपण लांब, सुरूच्या बनात असतो, तसा.
खूश झालो.
पुढचं बोट जरा धिटाईनं गेलं
ते दाढीत शिरलं.

मग उजवीकडून तेवढंच आत.
मग डावी वर वाटायला लागली, म्हणून तिथे अर्धा सूत.
मग पुन्हा उजवी.
हे मी ओळखतो.
वर्षाला एकेक चिरा सरकवणारे असेच सरकवतात.
त्यांत लबाड फार थोडे,
बाकीच्यांना फक्त समोरच्याचं जास्त दिसतं.

गळ्याचं प्रकरण वेगळंच.
कंठमण्याच्या वर दोन बोटं, असं तुळाजींनी आखून दिलेलं.
पण डाव्या जबड्याखाली केसांचा एक भोवरा निघाला,
खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी
एका जागी उलटं फिरतं तसा.
चव्वेचाळीस वर्षं माझ्याच अंगावर राहतोय
आणि माझ्या दप्तरी नोंद नाही.
तिथे कापलं. बारीकच.
तुरटी झोंबली तेव्हा मैथिली
उगाच चिंचेच्या झाडाकडे बघत राहिली.

पातं पुसलं, खोबरेलाचं बोट फिरवलं.
इथली हवा लोखंडाला संध्याकाळ बघू देत नाही.

दुपारी तुळाजींनी हनुवटी धरून
तोंड उजेडाकडे वळवलं. हसले नाहीत.
"केस म्हणजे काय सातबारो हा?
चार दिस हात लावू नको. आपसूक भरान येतला."

त्या चार दिवसांतला दुसरा दिवस, पडेलला मोजणी.
वासुदेव घाडी आणि जयवंत घाडी
गडग्याच्या दोन अंगांना, पाठमोरे.
मी तिकाटणं रोवलं, टिपण उघडलं.
जयवंतनं माझ्याकडे पाहिलं. परत पाहिलं.
"सायेब, तुमची हद्द डावीकडे सरकलेली दिसता."
थोरला वळला.
"डावीकडे खय? उजवीकडे."
"डावीकडे."
"अरे, मी हयसून बघतंय ना!"
"मगे हय येऊन बघ."

वासुदेव घाडी गडगा ओलांडून आला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा, असं मागाहून तलाठी म्हणाला.
यंत्र तापत होतं, कलमांत कुठे तरी वानर ओरडत होते.
मी काही बोललो नाही.
मान थोडी वर केली,
दोघांना नीट दिसावी म्हणून.