फहाहीलची पेज

रात्री वाटीभर कण्या भिजत घातल्या होत्या,
आंबेमोहोराच्या, माणगावहून आलेल्या.
विमानतळावर कस्टमवाल्याने पिशवी उजेडात धरली,
हलवली, कानाशी नेली
आणि परत दिली.

पहाटे पावणेपाच. लांबच्या रिफायनरीची ज्योत
स्वयंपाकघराच्या काचेवर हलतेय,
दिवा लावला नाही तरी चालतं.
वृषाली रात्रपाळीला. शलाका झोपलेली,
एक पाय पलंगाबाहेर.

नळाचं पाणी इथे समुद्राचं.
कुठल्याशा कारखान्यात त्यातलं मीठ काढून घेतात
आणि पाइपातून आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाठवतात.
ते मी टोपात ओततो, वाटीला सात वाट्या,
आणि चिमूटभर मीठ टाकतो.
कुणाचं तरी काम रोज सकाळी मी उलटं करतो.

कण्या फुटायला लागल्या की आवाज बदलतो,
टपटप जाऊन गुबगुब येतं.
मग आच मंद, आणि रवी.
ही रवी लग्नात मिळालेली, ताकासाठी.
ताक या घरात होत नाही.
दीड वर्षाची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला
शलाकाने बोटभर क्रीम चाटलं,
आणि ओठ असे सुजले की
पेशावरचा टॅक्सीवाला सिग्नल तोडत गेला
आणि भाडं न घेताच वळला.

तेव्हापासून आम्ही पाकिटं उलटून वाचतो.
शाळेत अलिफ-बे सुरू व्हायच्या आधी
तिला अरबीतला एकच शब्द वाचता यायचा:
हलीब.
बिस्किटांपुढे उभी राहून
बोट ठेवत सांगायची, आहे. नाही. आहे.

नारळ श्रीलंकेचा.
पहाटे मिक्सर लावला तर खालच्या नगवाबाई
छताला झाडू ठोकतात,
म्हणून चार काजू घालून तो रात्रीच वाटून ठेवायचा,
आणि आता जुन्या ओढणीतून पिळायचा.
त्याला दूध म्हणायचं नाही.
एकदा चुकून म्हणालो, तर तिने वाटी सरकवली
आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.
आमच्याकडे नारळाला रस येतो.
पातळ रस आधी, शिजताना.
दाट शेवटी, गॅस बंद करून,
नाहीतर फुटतो.

सहाला वृषाली आली, गालांवर मास्कचे वळ.
उभ्याउभ्याच टोपातून दोन डाव खाल्ले,
"मीठ बरोबर आहे" म्हणाली
आणि बुटांसकट आडवी झाली.

फोनवर माझी आई नातीला नेहमी म्हणते,
माझी दुधावरची साय गं ती.
आम्ही दोघं तेव्हा कॅमेऱ्याकडे बघत नाही.

शलाका एकच वेणी घालून बसलीय,
दुसरी राहिलीय. वाटी जरा निवलीय.
गूळ घेण्याआधी चमच्याने ती वरचा पापुद्रा उचलते,
सुरकुतलेला, ओलसर,
उजेड आरपार जाईल असा.
"बाबा, हे काय?"

मला शब्द माहीत आहे.
जरा वेळ डाव धूत बसतो.
"साय," म्हणतो.
"कशावरची?"

खाली बसचा हॉर्न.
दप्तर, बाटली, डबा, दुसऱ्या वेणीचं रबर.
साय तिने तोंडात टाकली
आणि जिना उतरताना
चमचा तिच्या हातातच होता.