टँकरभर पाणी, उतारावर

अल आमरातच्या मागे, डोंगराच्या अंगावर
खल्फानचा प्लॉट. अठ्ठावीस मीटरात चार मीटर उतार.
माती नाहीच, तांबूस कातळ आणि वर भुगा.
नकाशात माझ्या आधीच्या माणसानं ओढलेली
कुंपणाची भिंत,
उतार आडवा कापत सरळ गेलेली.

मी म्हटलं, हे कुंपण नाही, धरण आहे.
खल्फान हसला.
वर्षातून तीन दिवस पाऊस, त्यातले दोन नुसते ढग.
तिसऱ्या दिवसाचे पैसे मी का भरू?

मी गडहिंग्लजचा. आमच्याकडे पाणी
सांगून येतं, चार दिवस आधी वास येतो.
इथे वादीत पोरं फुटबॉल खेळत असतात
आणि डोंगरापलीकडे, दिसतही नाही अशा ठिकाणी,
गडगडतं.
अर्ध्या तासात गोलपोस्ट गेलेला असतो.

शोषखड्डा चालणार नाही, कातळ पीत नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणायची
इथे सोयच नाही.
भिंतीमागे खडीची चर, भोकांचा पाइप,
दर दोन मीटरला भिंतीला एक नाक,
सगळं कागदावर उतरलं.
आणि मग पेन्सिल थांबली.
गोळा केलेलं सोडायचं कुठे?
खाली उम्म सुवैदचं अंगण.
एक लिंबू, तीन शेळ्या, वाळत घातलेली सुकट.

शेवटी टँकर मागवला. बाराशे गॅलन.
गुलदाद ड्रायव्हरला पटेना,
गोडं पाणी आहे हो, असं दगडावर ओततात?
ओत म्हटलं.
मल्लय्या फक्कीची पिशवी घेऊन
पाण्याच्या मागोमाग, वाकून, पांढरी रेघ मारत निघाला.

पाणी जरा घुटमळलं.
माझ्या कंटूरच्या रेषा त्याला मान्य नसाव्यात.
डावीकडे वळलं, आमच्या केबिनखालून गेलं
(तिथे माझे बूट होते),
उम्म सुवैदच्या लिंबाला हातभर लांब ठेवून
कोपऱ्यातल्या गोल धोंड्यांत शिरलं.
ती दारातून बघत होती. म्हणाली,
तिकडूनच जातं ते. मला विचारायचं होतंत.

दहा मिनिटांत सगळं सुकलं, रेघ राहिली.

त्या रेघेवर भिंत दीड मीटर सोडली,
जाळी लावली, तळाशी धोंडे रचले.
खल्फाननं विचारलं, चोर येतील का?
मी म्हटलं, शेळ्या येतील.

त्याला आता चौदा महिने झाले.
आभाळ कोरं.
खल्फान दर शुक्रवारी फोन करतो,
काय रे, तुझं पाणी?
मी म्हणतो, निघालंय.

मल्लय्या सुट्टीवर करीमनगरला जाताना
फक्कीची रेघ पुन्हा मारून गेला.
पाण्याला लागत नाही, म्हणाला, तुम्हाला लागेल.

जाळी कुणीतरी वाकवली आहे.
शेळ्या ये-जा करतात.