चारची सही

रात्रपाळीला मी एकटी. खोल्या नऊ.
वेल्सच्या या टोकाला समुद्र खिडकीशी येऊन खाकरतो
आणि सात नंबरमधले इड्वल झोपेतच त्याच्यावर ओरडतात,
"दार लाव!"

दर दोन तासांनी एलुनेडबाईंची कूस बदलायची,
तक्त्यावर वेळ टाकायची, पुढे सही.
त्या रात्री तीनलाच मी चारची सही करून ठेवली.
इड्वलचं अंथरूण दोनदा बदललं होतं, पोटऱ्या वळत होत्या;
कारणं काय, मागितली की रांग लावतात.
खुर्चीत डोळा लागला.

सकाळी बाईंच्या टाचेवर लाल डाग,
कोटाच्या बटणाएवढा.
बोटानं दाबला.
दाबल्यावर पांढरा पडला तर निभावलं, असं शिकवतात.
पडला नाही.

महिन्याभरानं तपासणीला श्रीमती प्रॉसर आल्या.
न्हाणीच्या पाण्यात थर्मामीटर धरला, गोळ्या मोजल्या,
आगीची घंटा वाजवून सगळ्यांना जागं केलं.
मग तक्ता उलटून म्हणाल्या,
"वेळच्या वेळी आहे सगळं."
"त्या रात्रीचं चारचं खोटं आहे," मी म्हटलं.
औषधाच्या कपाटाची किल्ली मुठीत ओली झाली होती.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं होतं,
ते पुन्हा काढलं.

टाच भरत आली आहे.
एलुनेडबाईंना यातलं काही ठाऊक नाही,
किंवा असेलही. एवढंच म्हणतात,
"तुझे हात फार गार गं."
म्हणून आता आधी किटलीला तळवे लावते,
मग त्यांच्या खांद्याखाली घालते.
होतो थोडा उशीर.
चार वाजून तीन मिनिटं.
तसंच लिहिते.