खांब क्रमांक सात

अजनीच्या रेकॉर्ड रूममध्ये एका खोक्यात
अठ्ठावीस काचा निघाल्या. दोन तडकलेल्या.
मी पहिली दिव्यासमोर धरली:
आकाश काळं, वाळू काळी,
लोखंड पांढरं, दुधासारखं.

पडद्यावर सुलटी केली.
कन्हान. पुलाचं काम चालू.

खरं सांगते, आधी मला माणूस दिसलाच नाही.
दिसला तो पूल, अजून पूल न झालेला.
खाली सागाच्या वाशांचं रान,
दोन्हीकडून निघालेले गर्डर
आणि मधे राहिलेली हातभर फट.
गाडी जाऊ लागल्यावर तो इतका देखणा
पुन्हा कधी दिसला नसेल.
वर आकाश कोरं. त्या काचेला निळं कळतच नसे.
आणि खाली वाळूवर जाळीतून पडलेलं ऊन,
सरळ, बारीक, ताणा लावल्यासारखं.
गोळीबार चौकात आमचा खड्ड्याचा माग होता,
म्हणून मला ताणाच दिसला. दुसऱ्याला पिंजरा दिसेल.

नोंदवहीत महिना मे.
पाणी आटलेलं, खांब बुडापासून दिसावेत म्हणून.
पण काचेवरचं औषध वाळायच्या आत फोटो घ्यायचा,
आणि मे महिन्यात नागपुरात ओलं काय राहतं?
म्हणून साहेबाच्या काळ्या तंबूला वाळ्याच्या ताट्या,
ताट्यांवर पाणी मारायला एक भिस्ती.
काच थंड हवी.

पुढे लिहिलंय:
खांब क्रमांक सात. उंची कळावी म्हणून एक मजूर.

मग दिसला. खांबाला पाठ लावून,
हात मांड्यांना चिकटवलेले.
बाकीचे काम करत होते, ते पुसले गेले.
पाट्या वाहणाऱ्या बायकांचा
उतारावर नुसता धुराचा पट्टा.
ज्याला काही करू दिलं नाही
तेवढाच उरला.

धकाते म्हणाला, मॅडम, नाव नाही ना त्याचं?
मग तुमच्यातलाच. निनावे.
मीही हसले. चहा आला होता.

रविवारी टेप घेऊन कन्हानला गेले.
सातवा खांब. दगडाचा एक थर भरला पंधरा इंच.
वरून कोळशाची मालगाडी गेली,
टेप हातात थरथरत राहिली, पुन्हा मोजलं.
पंधराच.
घरी येऊन काचेवर थर मोजले:
त्याच्या टाचेपासून मुंडाशाखालच्या कपाळापर्यंत
चार थर आणि वर चार बोटं.

टाच एकच, उजवी.
डाव्या पायाला घोट्याखाली काही नाही,
पांढुरका फुगवटा फक्त.
मी आधी समजले औषध उतरलंय,
भिंग लावून पाहिलं.
औषध नीट होतं.
वाळू तापली होती.
चेहरा, खांदे, हात सगळं दगडासारखं धरून
त्याने तेवढा पाय उचलला, टेकवला,
पुन्हा उचलला.

नव्या यादीत माझ्या अक्षरात नोंद केली:
काच अकरावी. मजूर, उंची सुमारे पाच फूट तीन इंच.
मागे खांब, अंदाज यावा म्हणून.
शेऱ्याच्या रकान्यात:
डावा पाय हलला.