संदली

नाव संदली, पण चंदनाचा वास नाही तिला.
गुडघ्याएवढं मेज, खाली घमेल्यात निखारे,
वरून चारही बाजूंना लोळणारी एकच जाड दुलई,
आणि दुलईखाली सात माणसांचे चौदा पाय.

खुजंदला त्या हिवाळ्यात वीज यायची
पहाटे तीन ते चार. कधी तीही नाही.
चौथ्या मजल्यावरच्या रेडिएटरवर आई लोणी ठेवायची,
घट्ट राहावं म्हणून.
बाकी खोल्यांना कुलपं, फटींत जुन्या विजारी कोंबलेल्या.
अख्खं घर एका खोलीत आलं,
खोली एका मेजाखाली.

नुसरतकाका गावाकडून पऱ्हाट्या आणायचा,
सायकलवर इतक्या रचलेल्या
की लांबून झुडूपच चालत येतंय वाटावं.
पऱ्हाटी भसकन पेटते, भसकन संपते,
निखारा धरत नाही.
निखाऱ्याला जर्दाळूचं लाकूड हवं, ते परवडेना.
मग जमिनीच्या लाकडी पट्ट्या.
बाबा रोज पाच उचकटायचे, मोजून पाच.
सहावी मागितली की म्हणायचे,
"फेब्रुवारीला काय घालू?"

आई आणि सावरीआत्या तीन वर्षं बोलत नव्हत्या.
शिवणयंत्र कुणी कुणाला न विचारता विकलं,
एवढंच मला माहीत.
"माहवश, तिला सांग, मीठ सरकव."
मीठ वीतभर अंतरावर.

खिडकी दोन बोटं उघडी आहे ना,
हे रात्री उठून बघायचं काम माझं.
पलीकडच्या इमारतीत फैजुल्लोचं कुटुंब
कोळशाच्या धुरात झोपलं ते उठलं नव्हतं.
तर एका रात्री खिडकी बघितली,
राख सारायला दुलईचं टोक उचललं,
आणि त्या तांबूस उजेडात दिसलं:
आत्याची पावलं उघडी (मोजे तिनं धाकट्याला दिलेले),
आणि त्यांच्यावर आईची पावलं,
तीन-तीन मोजे चढवलेली,
अंडी उबवायला बसावं तशी.
झोपेत होत्या की जाग्या, कुणास ठाऊक.
मी राख सारली. टोक खाली सोडलं.

नवरोजला आठवडा असताना
भर संध्याकाळी दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला.
आम्ही डोळे मिचकावत एकमेकांकडे बघत बसलो:
सात काजळलेली नाकं.
काका म्हणाला, "बंद करा रे, आपण फार वाईट दिसतो."
आईनं मान वर केली. छत तव्यासारखं झालेलं.
छताकडेच बघत ती म्हणाली,
"तुझ्याकडे मागचा चुना उरलाय ना?"
माहवश उत्तर पोचवायला तयारच होती,
पण आत्याच म्हणाली, "अर्धी बादली."

त्या पट्ट्या पुन्हा बसवल्या नाहीत.
आतल्या खोलीत अजून सिमेंटच लागतं पायांना.
चुना मात्र दोघींनी मिळून लावला,
शिडी आळीपाळीनं धरत.
शिवणयंत्राचा विषय
अजून निघालेला नाही.