फिती गोळा करणारा

राणीपूरच्या शाळेपुढे पहाटे सव्वापाचला
एकशे चाळीस माणसं, एक जनरेटर, पोह्यांचं पातेलं.
माझ्या छातीवर क्रमांक दोनशे सतरा.
हिशोब कुणी विचारला नाही.

परतीचा पाऊस आठ दिवस ठिय्या देऊन बसलेला.
भोंग्यावरून सांगितलं, वर वारा आहे, जपून.
मी वायरमन. शहादा उपविभाग, बावीस वर्षं खांबावर.
वर वारा असतो म्हणजे काय असतं
ते मला भोंग्याने सांगायला नको होतं.

आधी पपईच्या बागा, बूट धरून ठेवणारा काळा चिखल,
मग सागवान, मग सलई,
मग नुसतं पांढरं.
वाट दाखवायला फांद्यांना लाल फिती बांधलेल्या,
दर पन्नास पावलांवर एक,
आणि मला दहावं पाऊल दिसत नव्हतं.

माझ्यापुढे सगळे. मागे एकच,
तेरसिंग पावरा, डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ, हातात पिशवी.
शेवटच्या माणसामागे चालायचं
आणि फिती सोडत यायचं, एवढंच त्याचं काम.
"पळा, पळा," तो म्हणाला, "मी हाकलत नाही. मी फक्त मागे आहे."
वळून पाहिलं तर
मी आलो ती वाट त्याच्या पिशवीत जात होती.

चढावर पाणी उतरत होतं, आम्ही चढत होतो,
वाटेवर हक्क पाण्याचाच जास्त होता.
कड्याशी वारा खालून वर यायचा
आणि पाऊस हनुवटीखालून लागायचा.
गुडघ्याने काहीतरी सांगितलं, मी ऐकलं नाही.

वीज चमकली. मी मोजलं: एक, दोन, तीन, चार.
पुन्हा चमकली. एक, दो—
"बसा!" मी ओरडलो, "सलईपासून लांब, पाय जुळवून!"
बावीस वर्षांची विद्या, एका शब्दात.
तेरसिंग माझ्याआधीच उकिडवा बसला होता.

कारवीच्या जाळीत तशीच वीसेक मिनिटं.
त्याने केळं काढलं, अर्धं मोडून दिलं.
म्हणाला, या फिती काल बॅटरीच्या उजेडात मीच बांधल्या.
गाठी सैल ठेवल्या.
सकाळी सोडायच्या मलाच होत्या ना.

पुढच्या ठाण्यावर ताडपत्री जमिनीला चिकटलेली,
एक पोरगा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभा.
"रद्द झाली काका. तास होत आला.
वर पोचले ते पोचले, बाकीचे जीपने खाली गेले.
जीप येतेय परत, तुम्ही थांबा."

मी पायाकडे पाहिलं. पायाला कुणी कळवलं नव्हतं.
तेरसिंग म्हणाला, "माझ्या फिती आहेत वर अजून,"
आणि निघाला.

आता तो पुढे, मी मागे.
उजव्या हाताच्या फांद्या त्याच्या, डाव्या माझ्या.
ओली गाठ दाताने सोडवायची नाही, पीळ उलटा द्यायचा,
हे मी त्याला दाखवलं. त्याला येतच होतं.
कुणी घड्याळ धरलं नव्हतं.
धाप मात्र तेवढीच लागत होती.

तोरणमाळच्या तळ्याकाठी हवेची कमान
हवा जाऊन पाण्यात पडलेली,
'समाप्त'मधला 'स' तेवढा वर.
तेरसिंगने टपरीच्या बाकावर पिशवी पालथी केली,
चहा निवेपर्यंत मोजत बसला.
तीनशे अकरा बांधल्या होत्या. भरल्या तीनशे नऊ.
"वाऱ्याने नेल्या असतील," मी म्हणालो.
तो काही बोलला नाही. ढगाकडे बघत राहिला,
एखादी शेळी कमी भरल्यावर बघतात तसा.

रात्री घरी. बायकोने विचारलं, "कितवा नंबर उना?"
मी ओली चड्डी पिळायला घेतली
तर खिशातून एक लाल फीत निघाली.
कधी ठेवली, आठवत नाही.

म्हणजे अजून एक आहे तिथे.
परवा लोणखेड्याच्या खांबावर चढलो होतो,
उत्तरेचा डोंगर पहिल्यांदाच उघडा पडलेला.
लाइन बंद होती, काम पाच मिनिटांचं होतं,
मी उतरायला बराच वेळ लावला.